मापाचा कृत्रिम डोळा, तीन वर्षं वापरून: दिसायला फर्स्टक्लास, दुखण्याचं मात्र वेगळंच लफडं

आधीच सांगते, हा मिक्सरचा नाहीतर फोनचा रिव्ह्यू नाहीये. प्रॉडक्ट म्हणजे माझा डावा डोळा. ॲक्रिलिकचा, माप घेऊन बनवलेला, आता तीन वर्षं होतील. सगळे काचेचा डोळा म्हणतात, समोरच्याला पटकन कळावं म्हणून मीपण तेच म्हणते, पण त्यात काच कुठेच नाहीये.

झालं असं की भिंतीत खिळा ठोकत होते. काँक्रीटची भिंत, खिळा कडक, दोनदा वाकडा गेला, तिसऱ्यांदा जरा रागानेच हातोडी घातली आणि खिळ्याचा तुकडा उडाला. गॉगल वगैरे काही नाही, खिळा ठोकायला कोण गॉगल लावतं. तेव्हा दुखल्याचं आठवतच नाही, आवाज आठवतो आणि गालावर काहीतरी कोमट ओघळलं ते आठवतं, मला वाटलं घाम. वरची पापणी मधोमध चिरली होती आणि आत बुबुळापासून मागपर्यंत फाटलं होतं. मग टाके, मग पडदा सरकला, तो बसवला, परत सरकला, दीड वर्षात तीन ऑपरेशनं होऊन नजर गेली ती गेलीच. डोळा आकसत गेला, पांढुरका झाला आणि दिवसरात्र ठणकायला लागला. दिसत काही नाही आणि दुखतं मात्र सगळं, असला डोळा सांभाळण्यात काय अर्थ आहे हे मला कळत होतं पण काढा म्हणायला जीभ उचलत नव्हती.

त्यात दुसऱ्या डोळ्याची धाकधूक वेगळी. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की असा फाटलेला डोळा असला की क्वचित शरीर चांगल्या डोळ्यावरही उलटतं, उजव्याला लाली, धूसरपणा, उजेड सहन न होणं यातलं काहीही वाटलं तर थेट निघून यायचं, सकाळची वाट बघायची नाही. रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी लुई ब्रेलबद्दल वाचत बसायचे. त्यालाही लहानपणी वडिलांच्या कामाच्या जागी एकाच डोळ्याला आरी लागली होती, तीन वर्षांचा होता, आणि पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेलेले. मध्यरात्री वाचायची गोष्ट नाही ही. दोन वाजता टॉर्च लावून आरशात उजवा डोळा लाल झालाय का बघणारी बाई, ती मी.

असो. शेवटी पांढरं कवच ठेवून आतलं सगळं काढलं आणि त्यात साधारण दोन सेंटीमीटरचा गोळा बसवला. स्नायू त्या कवचालाच चिकटलेले असतात म्हणून तो गोळा हलतो, आणि पुढे जो डोळा आपण घालतो तो त्याच्यावर बसतो. लोकांना वाटतं खोबणीत अख्खी गोटी घालतात. तसं नसतं. तो शिंपल्यासारखा असतो, पुढून फुगीर, मागून खोलगट, तळहातावर ठेवला तर एखादा मोठा जाडसर नखाचा तुकडा वाटावा. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे सूज उतरेपर्यंत नुसती पारदर्शक प्लॅस्टिकची वाटी असते आत, कॉन्फॉर्मर म्हणतात त्याला, खोबणीचा आकार टिकावा म्हणून. ते दिवस आरशाशिवाय काढले.

मग मी घाई केली. रेडीमेड घेतला. कुठून ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. एका डब्यात ओळीने डोळे, त्यातला जवळच्या रंगाचा उचलला, घातला आणि म्हणे बघा कसा बसलाय. बसला होता, पण माझ्यात नाही, माझ्यावर. संध्याकाळपर्यंत बुबुळ बाहेरच्या बाजूला फिरायचं आणि मी एका डोळ्याने समोरच्याकडे आणि दुसऱ्याने खिडकीकडे बघतेय असं दिसायचं. कड टोचायची, चिपडं इतकी यायची की रुमाल दोन लागायचे. कोणाला रेडीमेड चांगला बसत असेलही, अगदीच नाही असं म्हणत नाही, पण मागे पोकळी राहिली की तिथे पाणी साचतं आणि मग तो सगळा त्रास. चार महिने ओढले आणि मग मापाचा करायला गेले.

आता खरा रिव्ह्यू.

माप घेताना मान सरळ ठेवून बसवतात आणि दाताच्या डॉक्टरकडे जबड्याचं माप घ्यायला वापरतात तसलं मटेरियल खोबणीत सोडतात. दुखत नाही. थंडगार चिखल आत भरल्यासारखं वाटतं आणि मिनिट-दोन मिनिटं उजव्या डोळ्याने समोरच्या खुणेकडे टक लावून बसायचं. त्यावरून मेणाचा नमुना, तो घालून बघायचा, इकडे बघा, तिकडे बघा, मिटा, उघडा, काढून खरवडायचा, परत घालायचा. माझी चिरलेली पापणी जरा लोंबते, तर त्यांनी वरची कड किंचित जाड ठेवून तिला आतून टेकू दिला. एक मिलिमीटरसुद्धा नसेल पण चेहरा बदलला. हे असलं काम रेडीमेडमध्ये होणारच नाही.

आणि मग रंग. बनवणारे काका माझ्यासमोर खिडकीपाशी स्टूल घेऊन बसले, हातात बारीक ब्रश, आणि दोन तास माझ्या उजव्या डोळ्यात बघत होते. अपघातानंतर लोक एकतर बघायचे टाळायचे नाहीतर एक सेकंद जास्त बघायचे, या दोन्हीपेक्षा हे बघणं वेगळं होतं, जसं शिंपी कापड बघतो. मी म्हटलं काळाच तर आहे डोळा, त्यात काय एवढं. ते म्हणाले, ताई, काळा कोणाचाच नसतो. आणि खरंच, तपकिरी तीन तऱ्हेचे, कडेला राखाडी, मध्ये जरा पिवळट, आणि खालच्या बाजूला एक गडद ठिपका जो इतक्या वर्षांत मला स्वतःला माहीत नव्हता. पांढऱ्या भागावरच्या शिरा म्हणजे चक्क लाल धाग्याचे तंतू, सुटे करून एकेक चिकटवतात. तिथे त्यांनी विचारलं, तुमच्या चांगल्या डोळ्यात शिरा बऱ्याच लाल आहेत, झोप कमी होते का? मी म्हटलं होतच नाही, दुखतं. मग म्हणाले, आजच्यासारखा करू का झोप झालेल्या दिवसासारखा? मी म्हटलं आजच्यासारखा करा, झोप झालेला दिवस काही येत नाही आता.

हीच माझी एक चूक झाली बघा. हल्ली कधीमधी सहा तास झोप लागते, सकाळी उजवा डोळा स्वच्छ असतो आणि डावा बिचारा रात्रभर जागल्यासारखा. पुढचा करताना शिरा कमी टाका म्हणून सांगणारे.

काकांकडून कळलेली एक गंमत. १८३५ पासून जर्मनीतल्या लाउशा गावात काच फुंकून डोळे बनवायचे, आणि जगभर तेच जायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा अमेरिकन सैन्यातल्या दंतवैद्यकवाल्यांनी कवळीच्या ॲक्रिलिकपासून डोळे बनवायला सुरुवात केली. म्हणजे कवळी आणि माझा डोळा सख्खे भाऊबहीण.

दिसण्याला साडेचार. समोर बसून बोलताना कोणाला कळत नाही, नव्या ऑफिसात तर वर्षभर दोघांनाच माहीत होतं. अर्धा मार्क कापला कारण एकदम कडेला बघितलं की डावा मागे राहतो, मग मी डोळे न फिरवता मानच फिरवते, ती सवय आता लागलीय. आणि बाहुली लहानमोठी होत नाही, ती एका मापाची रंगवलेली, त्यामुळे कमी उजेडात उजवी बाहुली मोठी आणि डावी आहे तेवढीच. पापणीवरची चीर आणि वरचा खड्डा आहेतच, ते ॲक्रिलिकने भरत नाहीत. जाड फ्रेमचा चष्मा घ्या, खूप झाकलं जातं, शिवाय डाव्या बाजूला किंचित प्लस नंबरची काच टाकली की तो डोळा जरा मोठा दिसतो, ही युक्ती चष्मेवाल्याला सांगावी लागते. काच पॉलिकार्बोनेटचीच, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची. नंबर नसला तरी लावायचा. एकच उरलाय, त्याला तरी हेल्मेट नको का.

वापरायला तीन. एसी, वारा, धूळ, तिन्हीत कोरडा पडतो आणि चरचरतो, ड्रॉप्स कायम पर्समध्ये. पुसताना डोळा मिटून नाकाच्या दिशेने पुसायचं, बाहेरच्या दिशेने पुसलं तर निसटू शकतो, मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि एका लग्नात, जाऊ दे. स्पिरिट-सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही, ॲक्रिलिकला तडे जातात. साधा साबण आणि पाणी. बेसिनवर धुताना आधी भोकाला बूच आणि खाली टॉवेल. माझा एकदा टॉवेल नसताना हातातून सुटला, टणटण करत कपाटाखाली गेला, आणि आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून टॉर्च मारतोय, भाचा ओरडला मावशी सापडला, तो माझ्याकडेच बघतोय. इतकं हसले मी त्या दिवशी की खोबण दुखली.

आणि दुखणं. डोळा काढल्यावर बहुतेकांचं दुखणं थांबतं असं मला सांगितलं होतं, आणि माझंही तो आतला ठणका गेला, ते खरंय. पण भुवईपासून कानशिलापर्यंत एक सणक येते, वायर चिकटल्यासारखी, कधी केसांचा कंगवा लागला तरी, कधी काहीच न लागता. आणि कधी कधी चक्क डोळा दुखतो. जो काढलाय तो. हात कापलेल्यांना बोटं दुखतात तसंच, डोळ्याचंही असतं ते, वर त्या नसलेल्या डोळ्यात उजेडाचे फवारेसुद्धा दिसतात. त्यावर नसांच्या दुखण्याची गोळी चालू आहे, ती दुखणं पुसत नाही, नुसता आवाज कमी करते, आणि सकाळी अकरापर्यंत मला सुस्त करून ठेवते. मापाच्या डोळ्याने यात काडीचा फरक पडत नाही आणि पडेल असं काकांनी कधी म्हटलंही नव्हतं. तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. डोळा फार चांगला बनलाय. पट्टी होती तेव्हा बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे, ऑफिसात साहेब स्वतः म्हणायचे जा घरी. आता सणक आली की मी डोकं धरून बसते आणि समोरून येतं, अगं पण आता तर छान दिसतेस की. सुट्टी मागितली तर, आता काय झालं? जणू रंग जुळला तेव्हाच दुखणं मिटायला हवं होतं. आईसुद्धा, जिने सगळं बघितलंय, ती परवा म्हणाली जरा बाहेर पड, चेहऱ्यावर काही दिसत नाही आता. अगं आई, चेहऱ्यावर नाही, चेहऱ्याच्या आत आहे.

मग मी एक करायला लागले. खूप दुखलं की घरात डोळा काढून डबीत ठेवायचा आणि पट्टी लावायची. डोळा काढल्याने आराम पडतो असं मी सगळ्यांना सांगायचे, स्वतःलाही. पण पट्टी दिसली की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा, कोणीतरी पाणी आणून द्यायचं, कोणी काही विचारायचं नाही. बरेच महिने गेले आणि मला कळलं की आराम वगैरे काही पडत नाही, मी पुरावा दाखवतेय. कळलं तरी अजून लावते. तुम्ही हा डोळा करून घेणार असाल तर हे कोणी सांगणार नाही म्हणून लिहिलं. करून घ्या, जरूर घ्या, रेडीमेडच्या नादी लागू नका, पण घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना आधीच सांगून ठेवा की हा दिसण्याचा इलाज आहे, दुखण्याचा नाही. मी सांगितलं नव्हतं.

बाकी हिशेब असा की वर्षातून एक-दोनदा पॉलिशला जावं लागतं, त्यावर आपल्याच अश्रूंचा थर बसतो आणि तो खडबडीत झाला की पापणी घासते. साधारण पाचेक वर्षांनी नवा, कारण खोबणीचा आकार बदलत जातो. पॉलिशनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणजे नव्या बुटाच्या उलट, एकदम मऊ.

ता.क. झोपताना काढायचा का, हे दोघांनी विचारलं. रोज नाही. सारखा काढून घालून खोबण चिडते, मी महिन्यातून एकदा धुवायला काढते, तुमचा बनवणारा सांगेल ते ऐका. आणि पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडतं त्याचा दोष डोळ्याला देऊ नका, एका डोळ्याला अंतर कळत नाही. जगची तोटी पेल्याच्या कडेला टेकवायची आणि मग ओतायचं.