अमंग असमध्ये बोलके राहावे की अबोल?

ऐरोलीला राहणारा माझा मावसभाऊ आमच्या शनिवार रात्रीच्या खेळात नुकताच सामील झाला आहे. दोन शनिवार खेळून झाल्यावर त्याने मला फोन करून विचारले, "ताई, मीटिंगमध्ये बोलायचं की गप्प बसायचं?" प्रश्न लहान असला तरी अमंग अस नव्याने खेळणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो. या ऑनलाइन खेळात बहुतेक जण क्रूमेट असतात आणि नेमून दिलेली छोटी कामे, म्हणजे टास्क, करतात; त्यांच्यात लपलेले एक-दोन इम्पोस्टर गुपचूप खून करतात. मृतदेह, म्हणजे बॉडी, सापडल्याचे कोणी कळवले की मीटिंग भरते आणि चर्चा करून कोणाला बाहेर काढायचे यावर वोट पडतात. शिवाय हा भाऊ दोन अगदी वेगळ्या ठिकाणी खेळतो: शनिवारी आमच्या दहा जणांत व्हॉइस कॉलवर आणि कामाच्या दिवशी ठाणे–वाशी लोकलमध्ये, मोबाइलवर, अनोळखी लोकांच्या सार्वजनिक खोल्यांत. म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून मला त्याला नीट उत्तर द्यायचे आहे.

अबोल खेळाडू आपले टास्क करतो, विचारल्याशिवाय काही सांगत नाही आणि खात्री नसेल तर स्किप करतो, म्हणजे कोणालाच वोट देत नाही. बोलका खेळाडू बॉडी रिपोर्ट होताच आपण कुठून कुठे गेलो ते सांगतो, इतरांना त्यांचा मार्ग विचारतो आणि कोणाला वोट द्यावा याबद्दलचे मत उघडपणे मांडतो. या दोहोंकडे केवळ स्वभाव म्हणून पाहू नये, कारण दोन्ही पद्धती ठरवून अंगी बाणवता येतात.

क्रूमेट म्हणून विचार केला, तर अबोलपणाचा एक फायदा खरा आहे. मागच्या मीटिंगमध्ये ज्याने चर्चा पुढे नेली, त्यालाच अनुभवी इम्पोस्टर पुढच्या फेरीत आधी गाठतो; गप्प माणूस जास्त वेळ जिवंत राहतो. मारला गेला तरी भूत होऊन त्याला उरलेले टास्क पूर्ण करता येतात, त्यामुळे त्याचे कष्ट वाया जात नाहीत. मात्र भुताचे बोलणे जिवंतांना ऐकू येत नाही, म्हणून त्याने जे पाहिले आणि सांगितले नाही ते त्याच्याबरोबरच जाते. हे नुकसान मला फार मोठे वाटते, कारण या खेळातली बहुतेक माहिती अर्धवट असते आणि दुसऱ्या कोणाच्या माहितीशी जोडल्याशिवाय तिचा पुरावा होत नाही.

अॅडमिन या खोलीतले टेबल हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. द स्केल्ड या नकाशावर ते टेबल कोणत्या खोलीत किती जण आहेत एवढेच दाखवते, नावे दाखवत नाही. मागच्या महिन्यात मी त्या टेबलाशी उभी असताना इलेक्ट्रिकलमधला एक आकडा नाहीसा झाला आणि लगेच मेडबेमध्ये एक उमटला. इलेक्ट्रिकलमधून मेडबेपर्यंत चालत जायला लोअर इंजिन आणि सिक्युरिटीच्या बाजूने बराच वळसा पडतो आणि तेवढा वेळ मध्ये गेलेलाच नव्हता. इलेक्ट्रिकल, सिक्युरिटी आणि मेडबे या तीन खोल्यांचे व्हेंट, म्हणजे इम्पोस्टरला वापरता येणाऱ्या चोरवाटा, एकमेकांना जोडलेले असल्यामुळे कोणीतरी व्हेंटमधून गेले हे उघड होते, पण कोण गेले ते मला कळणे शक्य नव्हते. मीटिंगमध्ये मी विचारले, "आत्ता मेडबेमध्ये कोणी कोणाला पाहिलं?" तेव्हा स्कॅनसाठी तिकडे निघालेल्या एका मित्राने दारातून बाहेर पडणाऱ्याचा रंग सांगितला आणि एका मिनिटात निकाल लागला. आम्हा दोघांपैकी एक जण जरी गप्प राहिला असता, तरी दोघांचेही पाहणे फुकट गेले असते.

बोलक्या क्रूमेटला आणखी एक साधन मिळते. व्हिज्युअल टास्क, म्हणजे करताना इतरांना दिसणारे टास्क, सुरू ठेवले असतील, तर मेडबेमधला दहा सेकंदांचा स्कॅन इतरांना दिसतो आणि तो करणारा माणूस निर्विवाद निर्दोष ठरतो. "मला स्कॅन आहे, दोघं जण सोबत या" असे मीटिंग संपताना सांगणारा स्वतःला तर सोडवतोच, शिवाय पुढच्या चर्चेत ज्याच्या शब्दावर सगळे विसंबू शकतील असा एक माणूस गटाला मिळवून देतो.

स्किप करण्याच्या सवयीकडे मात्र थोडे अंकगणित करून पाहायला हवे. जिवंत इम्पोस्टरांची संख्या उरलेल्या क्रूमेटांइतकी झाली की खेळ संपतो. दोन इम्पोस्टरांच्या खेळात पाच जण जिवंत असतील, म्हणजे क्रूमेट तीनच उरले असतील, तर स्किप केल्यावर एका खुनात दोनास दोन होतात. म्हणून तिथे वोट द्यावाच लागतो. याउलट एकच इम्पोस्टर उरला आहे आणि चार जण जिवंत आहेत, तेव्हा स्किप करणे शहाणपणाचे असते, कारण चुकीच्या माणसाला बाहेर काढले तरी आणि स्किप केल्यावर खून झाला तरी तिघेच उरतात; फरक एवढाच, की पहिल्या वाटेने गेल्यास इम्पोस्टरचा खून अजून बाकी असतो आणि तो झाला की खेळ हातचा जातो, तर दुसऱ्या वाटेने गेल्यास बॉडी सापडल्यावर तिघांना एक मीटिंग मिळते. अबोल खेळाडू या दोन्ही प्रसंगी सारखाच स्किप करतो. बोलका खेळाडू निदान "आता आपण पाच आहोत, आज स्किप नको" एवढे तरी म्हणतो आणि बाकीच्यांना भान येते.

इम्पोस्टरची भूमिका मिळाली की पारडे थोडे बदलते. अबोल इम्पोस्टर कमी खोटे बोलतो, त्यामुळे पकडला जाण्याच्या जागाही कमी राहतात. बोलक्याला आपला पूर्ण मार्ग सांगावा लागतो आणि त्यातला प्रत्येक शब्द कॅमेऱ्यांशी, अॅडमिनच्या टेबलाशी आणि इतरांच्या आठवणीशी ताडला जातो. आमच्यातल्या एकाने एकदा फार आत्मविश्वासाने सांगितले, की तो त्या वेळी अॅडमिनमध्ये कार्ड स्वाइप करत होता. कार्ड स्वाइप हा सामायिक टास्क आहे, तो मिळाला तर सगळ्यांना मिळतो नाहीतर कोणालाच नाही, आणि त्या फेरीत तो आमच्यापैकी कोणाच्याही यादीत नव्हता. एका वाक्यात त्याचा खेळ संपला.

म्हणून बोलक्या इम्पोस्टरने मार्ग खरा सांगावा आणि फक्त एक थांबा बदलावा असे माझे मत आहे. वेपन्समधून ओटूला, तिथून शील्ड्सला आणि मग स्टोरेजला असा जो रस्ता आपण खरोखर चाललो, तोच सांगावा. शील्ड्समध्ये खून केला असेल तर तिथे आपण थांबलो नाही, सरळ पुढे गेलो, इतकाच बदल करावा. व्हेंटचा मोहही आवरावा, कारण व्हेंटमध्ये असताना किलचा कूलडाउन, म्हणजे पुढच्या खुनाआधी थांबावे लागणारा वेळ, पुढे सरकत नाही आणि चालत केलेल्या प्रवासाला साक्षीदार मिळतात. दुसऱ्या इम्पोस्टरची बाजू कोणी विचारल्याशिवाय घेऊ नये, हे तर दोन्ही पद्धतींना लागू आहे.

इथपर्यंत पाहिले तर क्रूमेट असताना बोलावे आणि इम्पोस्टर असताना गप्प राहावे असे कोणालाही वाटेल. मीही पहिले काही महिने नेमके याच्या उलट, पण तितकेच घातक असे वागत होते: क्रूमेट असताना टास्कमध्ये रमून मी जेमतेम एखादे वाक्य बोलत असे आणि इम्पोस्टर झाल्यावर संशय टळावा म्हणून आपला मार्ग सविस्तर सांगत असे. एका शनिवारी मी पहिल्याच मीटिंगमध्ये तीन खोल्यांची नावे क्रमाने सांगितली, तेव्हा आमच्या गटातल्या कोपरखैरण्याच्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आज तुम्ही विचारायच्या आधीच सांगताय. एरवी विचारलं तरी सांगत नाही." माझ्याविरुद्ध दुसरा कोणताही पुरावा नव्हता, तरी सात वोट माझ्यावर पडले आणि ते योग्यच होते.

दर आठवड्याला एकत्र खेळणारा गट शब्दांपेक्षा शब्दांतला बदल अधिक ऐकतो, हे मला त्या रात्री कळले. त्यामुळे ओळखीच्या गटात इम्पोस्टरची पद्धत निवडायची वेळ इम्पोस्टर झाल्यावर येत नाही. ती त्याआधीच्या सगळ्या क्रूमेट फेऱ्यांत निवडलेली असते. दहा जणांत दोन इम्पोस्टर म्हणजे सरासरी पाच फेऱ्यांत एकदा ही भूमिका वाट्याला येते आणि बाकीच्या चार फेऱ्यांत आपण जसे बोलतो, तेच त्या पाचव्या फेरीतले आपले कवच ठरते. ज्याला दोन्ही भूमिकांत सारखेच बोलता येईल त्याने बोलके व्हावे आणि ज्याला खोटे बोलताना आवाज बदलल्याशिवाय राहवत नाही त्याने दोन्हीकडे अबोल राहावे, पण मग क्रूमेट म्हणून होणारे नुकसान आपण पत्करले आहे हे त्याने जाणून असावे.

लोकलमधल्या खेळाला यातले फारसे काही लागू पडत नाही. सार्वजनिक खोलीत कोणाला कोणाची सवय ठाऊक नसते, अनेक जण इम्पोस्टर न मिळाल्यास खोली सोडून जातात आणि चर्चा टाइप करून किंवा क्विक चॅटच्या तयार वाक्यांतून होते. रबाळे, घणसोलीच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून लांबलचक मार्ग टाइप करणे शक्य नाही आणि जो पहिल्यांदा लांब स्पष्टीकरण देतो त्याच्यावरच तिथे संशय येतो, असा माझा अनुभव आहे. तिथे खोलीचे नाव, रंगाचे नाव आणि वोट एवढे पुरते. अबोल पद्धत तिथे खरोखर अधिक फलदायी आहे, आणि इम्पोस्टर असताना तर दिवे घालवून गर्दीत मिसळणे हे कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण अंधारात क्रूमेटची दृष्टी आखडते आणि इम्पोस्टरची मात्र तशीच राहते.

मावसभावाला मी हेच सांगितले. तो घरीदारी मोकळेपणाने बोलणारा मुलगा आहे, म्हणून शनिवारी त्याने बोलके व्हावे, आणि सुरुवात क्रूमेटच्या फेऱ्यांपासून करावी: प्रत्येक मीटिंगमध्ये, कोणी विचारो न विचारो, आपल्या शेवटच्या तीन खोल्या क्रमाने सांगाव्यात आणि वाटेत दिसलेल्या एका माणसाचा रंग सांगावा. निदान तीन शनिवार हे चुकवू नये. मधल्या काळात इम्पोस्टर होऊन तो पकडला गेला तरी चालेल, पण सांगण्याचा क्रम आणि वेग बदलता कामा नये. लोकलमध्ये हवे तितके गप्प राहावे. तिथल्या सवयीची वहिनींना खबर लागत नाही.