प्लास्टिक शीट, रॉड आणि पातळ सिमेंट: दहा महिन्यांच्या वापरानंतर (तामिया १/२४ एमएक्स-५)

तामिया कंपनीच्या किटमधून मी माझदा एमएक्स-५ चं प्लास्टिकचं मॉडेल केलं, १/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं. आधी सांगतो, हा किटचा रिव्ह्यू नाहीये. किट चांगलंच आहे. हा अनुभव किटच्या बाहेरून जे घेतलं त्याचा आहे, म्हणजे स्टायरीनची (मॉडेलच्याच जातीचं प्लास्टिक) पांढरी शीट (०.२५, ०.५ आणि १ मिमी), त्याचाच १.६ मिमीचा गोल रॉड, हिरव्या झाकणाचं पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचं पाण्यासारखं द्रव) आणि सुपरग्लू. गेल्या नोव्हेंबरपासून वापरतोय, गाडी पूर्ण होऊन शोकेसमध्ये पण बरेच दिवस झाले, आणि खरं काय टिकलं ते आत्ता कळतंय, कारण चिकटवल्या दिवशी सगळंच भारी दिसतं.

गाडी माझदा एमएक्स-५, २०१५ ची एनडी (चौथ्या पिढीचं मॉडेल). खरी गाडी ३९१५ मिमी लांब, म्हणजे मॉडेल साधारण १६३ मिमी, तळहातावर मावतं. हीच का, तर छत उघडं असल्यामुळे आतलं सगळं उघड्यावर असतं. बंद कूपेमध्ये आत कितीही काम करा, काचेतून अर्धं पण दिसत नाही. इथे बेल्ट, रोलबार (सीटमागचा संरक्षक पाइप), दाराचे पॅनल सगळं वरून सरळ दिसतं, मग मेहनत वसूल होते.

माझं काम सगळं २४ च्या भागाकारावर चालतं. खऱ्या गाडीतला पार्ट मोजायचा, २४ ने भागायचं, अंदाजपंचे काही नाही. रोलबारचा पाइप ३८ मिमीचा धरला तर १.५८ येतो, म्हणून १.६ चा रॉड. सीटबेल्ट ४८ मिमी म्हणजे बरोबर २ मिमीची पट्टी, ती मी मास्किंग टेपची कापली आणि बकल ०.२५ च्या शीटमधून. बकल एवढं बारीक की चिमट्यातून दोनदा उडालं, तिसरं मोठ्या तुकड्याला धरूनच कोरलं आणि सगळ्यात शेवटी कापून वेगळं केलं, आता तसंच करतो.

रोलबार वाकवायला थोडा वेळ गेला. रॉड थंडा वाकवला की वळणावर पांढरा पडतो आणि पुढे तिथेच तुटतो. मग स्टीलच्या सळीवर गुंडाळून दोन्ही टोकं टेपने बांधली, उकळत्या पाण्यात मिनिटभर धरला आणि लगेच नळाखाली. वळण तसंच्या तसं बसलं, पांढरेपणा अजिबात नाही. दोन्ही पाय एकसारखे व्हावेत म्हणून कागदावर १/२४ चं ड्रॉइंग काढून त्यावर ठेवून बघत होतो, अर्ध्या मिलीमीटरचा फरक पण डोळ्याला खुपतो.

आता महिन्यांनंतरचं. पातळ सिमेंट प्लास्टिक चिकटवत नाही, दोन्ही बाजू विरघळवून एकजीव करतं, म्हणून सिमेंटने जोडलेलं स्टायरीन दहा महिन्यांत एकाही जागी सुटलेलं नाही. सुपरग्लूचं तसं नाही. रोलबारचे पाय मी जानेवारीत घाईत सुपरग्लूने लावलेले, जुलैत पुसताना कापड अडकलं आणि एक पाय टिचकीसरशी निघाला, कारण सुपरग्लू सुकल्यावर ठिसूळ होतो, नुसत्या टेकलेल्या जोडाला धक्का सहन होत नाही. परत करताना पायात ०.५ मिमीचं भोक पाडून पितळी तारेची पिन घातली, खाली १ मिमी शीटचा चौकोनी तुकडा आणि सिमेंट. आता गाडी रोलबारला धरून उचलली तरी हलत नाही (उचलू नका, पण उचलता येते). आणि काचेच्या जवळपास सुपरग्लू नकोच, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर येतो. काचेला साधा पांढरा फेविकॉल.

पण सिमेंट पण जपून वापरावं लागतं. दाराच्या पॅनलसाठी ०.२५ च्या दोन शीट पूर्ण पृष्ठभागावर सिमेंट लावून एकमेकींवर चिकटवल्या. त्या दिवशी एकदम सरळ. तीन आठवड्यांनी बघतो तर पापडासारख्या वळलेल्या. आत अडकलेलं सिमेंटमधलं सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवणारं द्रव) हळूहळू बाहेर पडतं आणि पातळ शीट ओढली जाते. आता सरळ ०.५ ची एकच शीट घेतो, आणि थर द्यायचेच असतील तर मागच्या न दिसणाऱ्या बाजूला बारीक भोकं पाडून ठेवतो, वाफ जायला वाट मिळते.

लांबीचं (भोकं, ओरखडे बुजवायची पुट्टी) पण तेच. मागच्या फेंडरवर ड्रिल घसरून एक भोक पडलेलं, लांबी भरली, पेपर मारला, प्रायमर, रंग, सगळं आरशासारखं. दोन महिन्यांनी तिथे गोल खळगी दिसायला लागली, लांबी बसली होती. रंग काढून रॉडचा तुकडा सिमेंट लावून भोकात ठोकला, आठवडाभर हात लावला नाही, मग घासला. पाच महिने झाले, बोट फिरवून सुद्धा जागा सापडत नाही. भोक असेल तिथे रॉडच, लांबी फक्त ओरखड्यांना.

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे दोन गोष्टी इथल्या. पावसाळ्यात लॅकर (पटकन सुकणारा सॉल्व्हंटचा रंग) मारू नका, हवेतल्या ओलीने रंगावर पांढरी झाक येते, माझी जूनमध्ये आली, म्हणून पुढचं लॅकरचं काम आता ऑक्टोबरपर्यंत थांबवलंय. आणि सायलेन्सरची टोकं. ती मी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडून ॲल्युमिनियमची करून घेतली, ३.५ मिमी बाहेरून आणि आतून पोकळ. काकांनी आधी विचारलं की पंपाचा पार्ट का, गाडी दाखवल्यावर कड जास्तच पातळ करून दिली आणि पैसे घेईनात. रंगवलेल्या प्लास्टिकला ती धातूची धार येत नाही, एनडीची दोन्ही टोकं मागे उजव्या बाजूलाच असल्यामुळे नजर सरळ तिथेच जाते.

तक्रार एकच, शीट ऑनलाइन मागवली तर पॅकिंग बघून घ्या. एका विक्रेत्याने मोठी शीट दुमडून पाठवलेली, घडीवर पांढरी रेघ, तो भाग वायाच. आता छोट्या साइजची घेतो. सिमेंटची ४० मिलीची बाटली अजून अर्धी शिल्लक आहे, फक्त काम करताना झाकण उघडं ठेवू नका, बघता बघता उडतं.