अडॅप्टिव्ह कंट्रोलर: अर्धा खोक्यात, अर्धा तापकीर गल्लीत

हातांची ताकद किंवा हालचाल कमी असलेल्या माणसाला माइनक्राफ्टसारख्या (ठोकळे फोडून-रचून बांधायचा गेम) आभासी जगात शिरायचं असेल, तर नेहमीचा गेमपॅडच आडवा येतो. तो दोन्ही हातांनी धरायचा, अंगठ्यांनी दोन काड्या फिरवायच्या आणि त्याच वेळी बोटांनी ट्रिगर (मागच्या कडेची चापासारखी बटणं) दाबून ठेवायचे. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर (२०१८) ही कामं सुटी करून देतो. साधारण २९ सेंटिमीटर लांब, साडेपाचशे ग्रॅमचा चपटा ठोकळा. वर दोन मोठी गोल बटणं, मागच्या कडेला ३.५ मिलिमीटरची १९ सॉकेट, दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी. जवळपास प्रत्येक सॉकेट गेमपॅडच्या एका बटणाचं किंवा ट्रिगरचं. तिथे जोडलेला स्विच कोपराने दाबा, गुडघ्याने दाबा, नाहीतर हनुवटीने.

खोक्यात जॉयस्टिक येत नाही, हे घेण्याआधीच ठाऊक असू द्या. गेममध्ये चालायला डाव्या यूएसबीत एक काडी, म्हणजे जॉयस्टिक, लागते, इकडेतिकडे बघायला उजव्या यूएसबीत दुसरी. बाजारातली प्रत्येक जॉयस्टिक त्याला चालतेच असं नाही, म्हणून कंट्रोलर आणि लॅपटॉप दुकानात नेऊन जोडून बघा.

स्विचसाठी लॉजिटेकचा बटणं आणि ट्रिगर मिळून १२ नगांचा तयार संच आहे, चांगला आहे. पण पुण्यात तो मागवायच्या आधी तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारावीच. आर्केड बटण, मायक्रोस्विच, दोन तारांची केबल, ३.५चा मोनो प्लग एवढंच सामान लागतं. मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉम (सामाईक), एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) आणि एनसी (दाबल्यावर तुटणारा). एक तार कॉमला, दुसरी एनओला डाखा (सोल्डर करा). प्लगमध्ये एक तार टोकाला, दुसरी मागच्या भागाला. चुकून एनसीला जोडलं तर बटण कायम दाबलेलं राहतं: गेम सुरू होताच पात्र आपोआप उड्या मारू लागतं आणि बटण दाबल्यावर थांबतं. हे दिसलं की कंट्रोलर बिघडला म्हणून घाबरू नका, डाखलेला पाय बदला. केबल बटणाच्या डबीत शिरते तिथे आतून गाठ मारा, नाहीतर व्हीलचेअर हलताना ताण थेट डाखावर येतो आणि तार तुटते.

माइनक्राफ्टमध्ये खरी अडचण दाबून धरण्याची. दगड फुटेपर्यंत आरटी (उजवा) ट्रिगर सोडता येत नाही, आणि दुबळ्या हाताला नेमकं तेच जमत नाही. त्यासाठी आरटीच्या सॉकेटला पुश-ऑन पुश-ऑफ स्विच लावा: एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. दिवा असलेला मिळाला तर उत्तम (दिव्याचा वीजपुरवठा मात्र वेगळा ठेवा), कारण चालू राहिला आणि नजर वळली तर आपल्याच घराची भिंत फुटायला लागते. उडी मारायला वेगळं बटण वाया घालवू नका, सेटिंग्जमध्ये ऑटो जंप आहे.

कंट्रोलर पक्का बसवायला तळाशी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडची आटे असलेली भोकं आहेत, पाव इंच, इंचाला २० आटे. बोहरी आळीत (पुण्यातला हार्डवेअरचा बाजार) नुसता ‘सहाचा बोल्ट’ मागितलात तर मेट्रिक मिळेल. तो जेमतेम शिरतो, सैल बसतो आणि जोर लावला की आटे खातो. पाव इंचीच मागा, लांबीही फार नको. बटणांना वेल्क्रो पुरतो.

विंडोजवरच्या एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅपमध्ये बटणांची कामं बदलता येतात आणि तीन प्रोफाइल (अशा नेमणुकांचे संच) कंट्रोलरमध्येच साठतात. एक चालण्याचं, एक बांधकामाचं ठेवा. स्विच कमी असतील तर एकाला ‘शिफ्ट’ नेमा, मग बाकीच्या प्रत्येकाला दुसरं काम मिळतं. पण शिफ्ट धरून ठेवावा लागतो, तो सगळ्यात न थकणाऱ्या अवयवाला द्या. संगणकाला यूएसबी-सी केबलनेच जोडा, चार्जिंगची काळजी मिटते.

व्हीआरचं (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या गेमचं) काय? तिथे हा कंट्रोलर फारसा कामाचा नाही, कारण बहुतेक व्हीआर गेम हातातल्या कंट्रोलरची हवेतली जागा मोजतात. मेटा क्वेस्ट या हेडसेटच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये बसलेल्याला उभ्याच्या उंचीवरून दिसण्याची सोय आहे. संगणकावरच्या व्हीआरसाठी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात वॉकइनव्हीआर हे सॉफ्टवेअर मिळतं. त्यात हाताचा पल्ला वाढवता येतो, जागचे न हलता फिरता येतं आणि बाजूला बसलेला माणूस साध्या एक्सबॉक्स पॅडवरून हालचालीत मदत करू शकतो.

आमचं मत: दोन-तीन हालचाली भरवशाच्या असतील तर हा कंट्रोलर जरूर घ्या, पण निम्मे पैसे काड्या, स्विच आणि बसवण्याच्या सामानासाठी राखून ठेवा. कोणती हालचाल टिकते ते ऑक्युपेशनल थेरपिस्टला बघायला सांगा, मग स्विच निवडा. सुरुवातीला दोनच लावा. खेळताना अर्ध्या तासाने बटणं चुकायला लागली, तर आधी स्विचची स्प्रिंग तपासा. आर्केड बटण बऱ्याच हातांना कडक पडतं, लांब पट्टीचा मायक्रोस्विच त्याहून खूप हलका चालतो.