क्लर्कशिपच्या पगाराची 'बोलणी' शिकवणारं पॅकेज: अडीच स्टार

नाव घेत नाही, उगाच वाद नकोय. पण एका ऑनलाइन कोचिंगवाल्यांचं 349 डॉलरचं पॅकेज आम्ही लेकीसाठी घेतलं होतं. इथे अमेरिकेत लॉ स्कूलमधून बाहेर पडून फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात जजकडे वर्ष-दोन वर्षं लॉ क्लर्क (कारकून नव्हे, जजला कायद्याच्या अभ्यासात आणि लिखाणात मदत करणारा) म्हणून लागायचं असतं ना, त्या पोरांसाठीचं. चार सेशन होती. रेझ्युमे आणि कव्हर लेटर, रायटिंग सॅम्पल, मॉक इंटरव्ह्यू आणि चौथं 'सॅलरी निगोशिएशन'. पहिली दोन ठीकठाक. मॉक इंटरव्ह्यू खरंच भारी, त्या बाई स्वतः क्लर्क राहिलेल्या, "जजचा निर्णय तुला पटला नाही तर काय करशील" हा एकच प्रश्न त्यांनी लेकीला तीनदा विचारला आणि तिसऱ्या वेळी तिचं उत्तर पाच मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आलं. अडीच स्टार आहेत ते तिथलेच.

आता चौथं सेशन. शनिवारी सकाळी दहाला झूमवर एक तरुण गृहस्थ आले आणि पहिलीच स्लाइड, 'तुमची किंमत तुम्ही ठरवा'. ऑफर आली की लगेच हो म्हणायचं नाही, आकडा मागायचा, मग काउंटर द्यायचा वगैरे वगैरे. मी आयटीतला माणूस, मला ऐकायला बरं वाटत होतं, पण लेकीने माइक म्यूट केला आणि म्हणाली बाबा, हा माणूस वेगळ्याच नोकरीबद्दल बोलतोय, जजचा फोन आला की पोरं तिथल्या तिथे हो म्हणतात आणि पगाराचं तर जजच्या हातात जवळपास काहीच नसतं. मग तिने मला कोर्टाचाच तक्ता उघडून दाखवला, जो फुकट आहे हे वेगळं सांगायला नको.

तर प्रकार असा आहे. फेडरल क्लर्कांचा पगार 'ज्युडिशियरी सॅलरी प्लॅन' म्हणजे जेएसपीने ठरतो आणि त्याचे आकडे बाकी केंद्र सरकारी नोकरांच्या जीएस (जनरल शेड्यूल) पगार तक्त्यासारखेच चालतात. नुकताच पास झालेला, अनुभव शून्य, तो जेएसपी-11, म्हणजे 11 ची लेव्हल. एक वर्षाचा कायद्याच्या कामाचा अनुभव आणि बारची सनद असेल तर 12, दोन वर्षं आणि सनद असेल तर 13. डिस्ट्रिक्ट जज (खालच्या कोर्टाचा) असो नाहीतर सर्किट जज (अपील कोर्टाचा), लेव्हल त्याच. 2025 च्या तक्त्यात 11 ची पहिली पायरी मूळ 63,163 डॉलर आहे आणि त्यावर गावाप्रमाणे लोकॅलिटी पे चढतो. मोंटानातल्या बिलिंग्जसारख्या ठिकाणी 17.06 टक्के, म्हणजे 73,939. वॉशिंग्टन डीसीत 84,601. सॅन फ्रान्सिस्कोत 46.34 टक्के चढून 92 हजारांच्या वर. काम तेच, पदवी तीच, फक्त कोर्टाची बिल्डिंग कुठल्या गावात आहे त्यावर अठरा हजारांचा फरक.

हे सगळं मी साताऱ्याला अण्णांना फोनवर सांगितलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून रिटायर झालेत. आधी त्यांचं दुःख वेगळंच होतं, "एवढं शिकून पोरगी क्लार्कच होणार का रे?" ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. पण पगाराचं अर्ध्या मिनिटात कळलं त्यांना. "म्हणजे आपलं पे मॅट्रिक्सच की, लेव्हल आणि पायरी, आणि घरभाडं मुंबई-पुण्याला एक्स आणि आपल्या गावाला झेड, त्यात बोलणी कसली करताय?" बघा, साताऱ्याच्या ओसरीवर बसून जे कळतं ते शिकवायला या लोकांनी माझ्याकडून पैसे घेतले, आणि शिकवलं तेही उलटं.

बरं एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. लेकीने लॉ स्कूलच्या आधी दोन वर्षं पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) म्हणून काम केलंय. हे ऐकल्यावर गृहस्थ खूश, म्हणाले मग तू थेट 13 माग. आता तक्त्याच्या खालीच लिहिलंय की अनुभव धरायचा तो लॉची डिग्री झाल्यानंतरचाच. आधीचं पॅरालीगल, समर इंटर्नशिप, काही मोजत नाहीत. आणि सनदेचं काय, बारची परीक्षा जुलैच्या शेवटी, निकाल त्यानंतर काही महिन्यांनी आणि ही जॉइन होणार ऑगस्टमध्ये! म्हणजे पहिलं वर्ष 11, सनद हातात आली आणि वर्ष भरलं की 12. आमच्याकडे न्यू जर्सीतल्या नेवार्कला न्यूयॉर्कचा दर लागतो, 2025 च्या तक्त्यात तिथे 11 ला साधारण 87 हजार आणि 12 ला एक लाख चार हजारांच्या आसपास. मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिल्याच वर्षाला 225,000 देतात हे मलाही माहितीय, पण क्लर्कशिप करून आलेल्यांना त्याच फर्म वरून बोनस देतात, त्यामुळे पोरं हिशोब लांबचा करतात.

जे खरं सांगायला पाहिजे होतं ते सेशनमध्ये आलंच नाही. टर्म क्लर्कला (वर्ष-दोन वर्षांपुरता लागलेल्याला) हेल्थ इन्शुरन्स मिळतो पण सरकारी पेन्शन आणि टीएसपी (रिटायरमेंटची सरकारी बचत योजना) नाही, ते कायमच्या करिअर क्लर्कला. स्टुडंट लोन असेल तर सरकारी नोकरीचे महिने लोनमाफीसाठी लागणाऱ्या 120 मासिक हप्त्यांत धरले जातात, आमच्यासाठी पगारापेक्षा हे मोठं होतं. स्टेट कोर्टाची क्लर्कशिप असेल तर हा तक्ता लागूच नाही, तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं. आणि आपल्या मंडळींपैकी ज्यांची मुलं अजून एच-4 वर (आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहेत त्यांनी फॉर्म भरण्याआधी नागरिकत्वाची अट नीट वाचा, फेडरल कोर्टात पगारी कामाला ती आडवी येते.

रिफंड मागितला, निदान चौथ्या सेशनचा. उत्तर आलं की 'सल्ला हा सर्वसाधारण स्वरूपाचा असतो'. मी तक्त्याचा स्क्रीनशॉट जोडून परत मेल केला, त्याला आज तीन आठवडे झाले. अण्णा रोज विचारतात, पैसे आले का.