हायड्रोजन-रेषेचा रेडिओ संच: जाहिरात विसरा, संच घ्या

‘परग्रहावरचे संदेश घरबसल्या ऐका’ अशा जाहिरातीने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या या संचात जाळीची डिश, फिल्टरसह एलएनए (क्षीण लहर फारसा गोंगाट न वाढवता मोठी करणारा वर्धक), आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि केबल येते. संदेश वगैरे येत नाहीत. येते ती १४२०.४ मेगाहर्ट्झची हायड्रोजनची रेषा, म्हणजे अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी ठरावीक वारंवारतेची रेडिओलहर. कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये परग्रहावरच्या संदेशांच्या शोधासाठी सुचवलेली वारंवारता हीच. साताऱ्यातल्या गच्चीवरून ती स्वच्छ दिसते, हेच मोलाचं.

एलएनए उत्तम. तो फीडलाच (डिशच्या केंद्रबिंदूशी लहर टिपणाऱ्या भागाला) जोडा. आधी लांब केबल टाकलीत तर केबलचा गोंगाटच वाढवून मिळेल. त्याला वीज डोंगलच्या बायस-टीमधून (सिग्नलच्याच केबलमधून वीज पाठवणाऱ्या सोयीतून) मिळते. सॉफ्टवेअरमध्ये ते चालू करायचं राहिलं की आलेख सपाट, आणि लोक उगाच डिशला दोष देतात. फिल्टर काढू नका, मोबाइल टॉवरनी डोंगल गुदमरतो.

डिश मात्र कमकुवत. ती २.४ गिगाहर्ट्झ वायफायची, फीड जुळत नाही. केबलवाल्याची जुनी सहा फुटी डिश भंगारात मिळाली तर तीच घ्या. फीडसाठी १५ सेंमी व्यासाचा पत्र्याचा डबा: बंद तळापासून ९.३ सेंमीवर सुमारे ५ सेंमीची तांब्याची तार. व्यास १२.४ सेंमीच्या खाली गेला तर ही लहर डब्यात शिरतच नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या हंस तारकासमूहाचा मधला तारा डोक्यापासून २२-२३ अंश उत्तरेला असतो. डिश तिकडे रोखली की अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडे आपोआप पाठ होते. ढग असले तरी चालतं. कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर नाही, तिथे रबर टेप हवीच. डोंगल अर्धा तास तापू द्या, मध्य वारंवारता थोडी बाजूला ठेवा (नाहीतर डोंगलचा स्वतःचाच सुळका रेषेवर बसतो) आणि पाच मिनिटांची सरासरी घ्या. मग आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाची नोंद वजा करा. उरलेला उंचवटा शेकडो किलोहर्ट्झ रुंद असतो, कारण वायूचे ढग वेगवेगळ्या वेगांनी फिरतात. १ किमी प्रतिसेकंद म्हणजे ४.७ किलोहर्ट्झ.

कृत्रिम संदेश शोधणारे काही हर्ट्झ रुंदीची रेघ धुंडाळतात. इथे डोंगल एकावेळी दाखवतो त्या २.४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ४०९६ भाग केले तरी एक भाग ५८६ हर्ट्झचा, म्हणजे तशी रेघ त्यात विरघळून जाईल. शाळा-कॉलेजांनी संच जरूर घ्यावा. टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी वारंवारता स्थिर ठेवणारा स्फटिक-दोलक) नसलेला डोंगल आला तर परत करावा.