मॉर्टल कोंबडा, मामाच्या मशिनी आणि आमचा कूलर

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला होता. दुपारी पडदे ओढून, दारं लावून बसल्याशिवाय इलाज नाही. हॉलच्या खिडकीतला वाळ्याचा कूलर चढावरच्या ट्रकसारखा घरघरत होता आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला माझा पोरगा सोफ्यावर आडवा पडून 'आई, काहीतरी पाहू ना' करून राहिला होता. त्या 'काहीतरी'पायी मी तीन दिवसांत सहा सिनेमे पाहिले. सहाही मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून काढलेले. कूलर बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून निम्मे संवाद कानावर आलेच नाहीत. पण सिनेमांची परीक्षा त्यानं चांगली झाली. संवाद न ऐकता ज्यातली मारामारी समजते तो सिनेमा पास, असा हिशेब मी ठेवला.

मी कोण सांगणारी? सध्या एका पतसंस्थेत जमाखर्च पाहते. पण नव्वदच्या दशकात नागपूरच्या महालात, बडकस चौकातून आत शिरलं की माझ्या मामाचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. मागच्या खोलीत व्हिडिओ गेमच्या तीन मशिनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन टोकनं विकायची. एक रुपयाला एक. खेळायला मी क्वचितच उभी राहायची, कारण पोट्टी खेळते म्हटलं की मागे फुकट पाहणाऱ्यांची गर्दी आणि धंदा बंद. मामा म्हणे, "ए पोट्टे, तू गल्ल्यावर बस." त्यामुळे हे सगळे गेम मी दुसऱ्यांच्या खांद्यांवरून पाहिलेत, आणि खांद्यावरून पाहणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

नियम एकच होता. जिंकला तो मशीनवर राहतो, हरला तो गल्ल्यावर येतो. आपला नंबर लावायचा असला तर काचेच्या खालच्या पट्टीवर टोकन ठेवायचं. त्या टोकनांच्या रांगेवरून भांडणं व्हायची, मशीनवरच्या भांडणापेक्षा मोठी.

मॉर्टल कॉम्बॅटला आमच्याकडे कोणी मॉर्टल कॉम्बॅट म्हणत नव्हतं. मॉर्टल कोंबडा. एक पोरगा तर झुंजीचे कोंबडे पाहायला म्हणून आला होता आणि माणसं दिसल्यावर त्यानं रुपया परत मागितला. हा गेम १९९२चा, अमेरिकेतल्या मिडवे कंपनीचा, एड बून आणि जॉन टोबायस यांनी बनवलेला. बाकीच्या गेममध्ये चितारलेली माणसं, यात मात्र खऱ्या माणसांचं चित्रण करून ते मशीनमध्ये घातलेलं. एकाच माणसाचा निन्जा रंग बदलून तीनदा वापरला होता: पिवळा स्कॉर्पियन, निळा सब-झीरो, हिरवा रेप्टाइल. आमच्या भाषेत पिवळा, बर्फवाला आणि पाल. पिवळा दोरीचा भाला फेकून समोरच्याला ओढतो आणि ओरडतो, तो आवाज खुद्द एड बूनचा. आमची पोट्टी त्याच्याबरोबर "इकडं ये बे!" ओरडायची. शेवटी बर्फवाला समोरच्याचं मुंडकं कण्यासकट उपटायचा, तेव्हा मामा मला बर्फ फोडायला पाठवायचा. या रक्तापायी १९९३मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी गेमना वयाचे शिक्के देणारी संस्था निघाली. महालात शिक्का म्हणजे मामाची हाक.

आता सिनेमा. पहिला मॉर्टल कॉम्बॅट ऑगस्ट १९९५चा, दिग्दर्शक पॉल अँडरसन. मी तो आधी केबलवर पाहिला होता, निम्मा झोपेत. आता नीट पाहिला आणि माझं मत असं, की सहामध्ये गेम कळलेला सिनेमा हा एकच. गेमचा आत्मा म्हणजे रक्त, असं लोक समजतात. यात रक्त जवळपास नाहीच, तरी सिनेमा उभा राहतो, कारण यात दंगल आहे. आपल्याकडे नागपंचमीला आखाड्यात लागते तशी. कोण कोणाशी, जोड कोणी लावली, जिंकला तर काय मिळणार, हे पहिल्या अर्ध्या तासात पक्कं. परजगानं, म्हणजे पृथ्वीवर टपलेल्या दुसऱ्या जगानं, सलग नऊ दंगली मारल्यात, दहावी मारली तर पृथ्वी त्यांची. कूलर चालू असताना सुद्धा हे समजतं. आणि प्रत्येक लढतीला जागा वेगळी, जशी मशीनवर मागची पाटी बदलायची. पृथ्वीकडून लढणारा सिनेनट जॉनी केज आणि पिवळा यांची जोड झाडांच्या रांगांत सुरू होते आणि भलत्याच पाताळात जाऊन संपते. नायक लिऊ कांग आणि पालीची लढत तर अशी दणदणीत, की ती मूळ सिनेमात नव्हती यावर विश्वास बसत नाही. चाचणी खेळाला बसलेल्या प्रेक्षकांना मारामारी कमी वाटली म्हणून ती नंतर घातली. त्या प्रेक्षकांना माझा नमस्कार.

वरून ते गाणं. गाणं कसलं, डफडंच. आमच्या कूलरवर मात करणारा तीन दिवसांतला एकमेव आवाज. ते सुरू झालं की पोरगा मोबाइल खाली ठेवायचा.

लिऊ कांग झालेला रॉबिन शू हाँगकाँगचा, खरा लढवय्या. ख्रिस्तोफर लँबर्टचा वीजदेव रेडन लढत नाही, नुसता गालात हसतो. त्याला पाहून मला आमच्या शाखाधिकाऱ्याची आठवण झाली. पण सिनेमा खाऊन टाकतो तो कॅरी-हिरोयुकी तागावा, जादूगार शँग सुंग. तो ओठ किती हलवतो यापेक्षा भुवई किती हलवतो यावर लक्ष ठेवा. चोवीस वर्षांनी, २०१९च्या मॉर्टल कॉम्बॅट ११ गेममध्ये शँग सुंगला याच माणसाचा चेहरा आणि आवाज दिला. याहून मोठं प्रमाणपत्र नटाला कोणतं?

असंच दुसरं प्रमाणपत्र केनो या गुंडाचं. गेममधला केनो मुळात ऑस्ट्रेलियाचा नव्हताच. सिनेमात ट्रेव्हर गॉडर्डनं ऑस्ट्रेलियन ढंगात बोलून तो रंगवला, गेमवाल्यांना इतका आवडला की पुढे केनोचा देशच बदलला. गंमत म्हणजे गॉडर्ड स्वतः इंग्रज. खोट्या ऑस्ट्रेलियनमुळे पात्र खरं ऑस्ट्रेलियन झालं.

रविवारी सकाळी मामा आला, तर्री पोह्याचं पार्सल घेऊन. आता एकाहत्तरचा आहे, चष्मा जाड झालाय, पण मशीन म्हटलं की अजून मान वळते. त्याला पाहायचा होता तो गोरो, चार हातवाला. गेममधला गोरो म्हणजे मातीची बाहुली, एकेक चित्र घेऊन हलवलेली. सिनेमातल्याच्या आत माणूस शिरलाय आणि तोंड आणि जास्तीचे हात यंत्रानं हलतात. मामानं तर्री संपेपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वरचे दोन हात नुसते लटकवले आहेत याचे. जोर नाही." खरं आहे, रबर दिसतं. पण जॉनी केज पाय फाकवून खाली बसतो आणि गोरोला नको तिथं बुक्की घालतो तेव्हा मामा असा हसला की पोरगा चमकला. तो डाव मशीनवरचाच. आणि मशीनवर तो आला जाँ-क्लोद व्हॅन डॅममुळे; गेम बनवणाऱ्यांना आधी त्यालाच घ्यायचं होतं, जमलं नाही, मग त्याची टर उडवणारा जॉनी केज काढला. सिनेमाला पाच टोकनांपैकी चार. एक टोकन रबरापायी कापलं.

१९९७चा दुसरा भाग, अ‍ॅनायलेशन. मुख्य चमूतले बहुतेक नट बदललेले, जॉनी केज सुरुवातीलाच मेलेला, आणि इतकी पात्रं कोंबलेली की मशीनवर दहा पोट्ट्यांनी एकदम बटणं दाबावी. शून्य टोकनं. पोहे गार झाले त्याचं दुःख जास्त.

व्हॅन डॅमला शेवटी दुसऱ्या गेमवाल्यांनी पकडला. स्ट्रीट फायटर, डिसेंबर १९९४. आमच्या पहिल्या मशीनवर स्ट्रीट फायटर २ होता, पोट्टी दिवसभर "आडुकेन" ओरडायची, म्हणजे हातातून आगीचा गोळा फेकायचा डाव, आणि तो टाकणारे रियू आणि केन म्हणजे देव. सिनेमात हे दोघं भुरटे ठग, आणि नायक फौजी गाइल, कारण व्हॅन डॅम गाइल झालाय. म्हणजे दंगल सोडून फौजेची गोष्ट. मामा उठून अंघोळीला गेला. मी मात्र बसले, दोन माणसांसाठी.

एक रोशन सेठ. 'भारत एक खोज'मध्ये नेहरू झालेला तोच. गेममधला धालसिम आपला भारतीय योगी, गळ्यात कवट्या, हातपाय रबरासारखे लांब होतात, तोंडातून आग, मागे हत्ती उभे. आम्हाला लहानपणी त्याचा अभिमान वाटायचा की लाज, हे अजून ठरलं नाही. सिनेमात तो टक्कल-कवट्या सोडून प्रयोगशाळेतला कैदी शास्त्रज्ञ आहे आणि रोशन सेठ ते काम इतकं मनापासून करतो की वाटतं, याला कोणी सांगितलं नाही का हा कसला सिनेमा आहे. नव्या स्ट्रीट फायटरमध्ये धालसिम विद्युत जामवाल करतोय. कलरीपयट्टू शिकलेला माणूस, हातपाय नाही लांबवले तरी चालेल.

दुसरा राऊल जुलिया, खलनायक बायसन. शूटिंगच्या वेळी कॅन्सरनं खंगलेला होता, सिनेमा लागायच्या दोन महिने आधी गेला. डोळे खोल, गाल बसलेले, आणि तरी प्रत्येक वाक्य असं फेकतो की जणू समोर शेक्सपिअर बसलाय. गेममधली लढवय्यी पोरगी चुन-ली त्याला सांगते की तू माझ्या बापाला मारलंस, आणि तो म्हणतो की मला आठवत पण नाही, माझ्यासाठी तो रोजच्यासारखाच एक दिवस. त्याच्या दोन प्रसंगांसाठी मी कूलर बंद केला. नवतप्यात. पोरगा म्हणाला, "आई, तुला वेड लागलं." घाम पुसत पाहिलं आणि परत चालू केला. सिनेमाला दोन टोकनं, दोन्ही राऊल जुलियाची.

२००९चा चुन-लीवरचा सिनेमा पाहताना मला झोप लागली. उठले तेव्हा बायसन सूट घालून जमिनीचे सौदे करत होता, आणि त्यासाठी मला गेम लागत नाही, पतसंस्थेत रोज दिसतात.

टेकन, २०१०. टेकन ३ आला आणि मामाच्या मशिनी भंगारात गेल्या, कारण तो घरच्या प्लेस्टेशनवर आला, टोकन संपलं, तासाचा दर सुरू झाला. म्हणून माझा राग आधीपासूनचा. सिनेमात दंगल आहे, हे मानलं पाहिजे. दंगल भरवणारा म्हातारा हेइहाची म्हणून परत तोच तागावा, शिंगांसारखे केस लावून; भुवई कायम. आणि एडी गोर्डो, ज्याला खेळता येत नाही असा प्रत्येक पोट्टा एडी घेऊन नुसती लाथेची बटणं कुटायचा, तो इथं कॅपोइरावाला, म्हणजे ब्राझीलची नाचत करायची मारामारी जाणणारा, लतीफ क्राउडर आहे, हवेत खरोखर फिरणारा. त्याला दोन मिनिटं दिलीत. दीड टोकन.

राहिला २०२१चा मॉर्टल कॉम्बॅट. आला तेव्हा महाराष्ट्रात थेटरं बंद होती, म्हणून आमच्या घरी कोणी पाहिलाच नव्हता. दिग्दर्शक सायमन मॅक्क्वॉइड, त्याचा पहिलाच. सुरुवातीची दहा मिनिटं या सहा सिनेमांतली सगळ्यात उत्तम. जपान, सन १६१७. बायको बागेत लोखंडी टोकदार खुरप्यासारखं कुनाई घेऊन माती उकरत असते. बर्फवाला येतो, घर उजाड होतं, आणि नवरा तेच कुनाई उचलून दोरीला बांधतो. म्हणजे पिवळ्याचा भाला! मशीनवर जो नुसता डाव होता तो इथं बायकोचं खुरपं निघाला. मी कूलरच्या आवाजात सुद्धा गप्प झाले. पिवळा झालेला हिरोयुकी सानादा आणि बर्फवाला झालेला जो तस्लीम दोघं शरीरानं बोलतात. तस्लीम तर इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युदो संघातला. पुढे तो समोरच्याचं उडालेलं रक्त हवेत गोठवून त्याचीच कट्यार करतो, तेव्हा मला बर्फ फोडायला पाठवणारं कोणी नव्हतं.

मग कोल यंग नावाचा एक नवीन पोरगा येतो आणि सिनेमा त्याचा होतो. मामा तेव्हा परत आला होता.

"हा कोण? आपल्या मशीनवर नव्हता."

"नवीन आहे आजोबा, सिनेमासाठी केलाय," पोरगा म्हणाला.

"मग याचं टोकन कोणी दिलं?"

मला जे पानभर लिहून सांगता येत नव्हतं ते मामानं एवढ्यात संपवलं. नंबर न लावता घुसलेला पोरगा. आणि दंगल तर होतच नाही. शँग सुंग आधीच माणसं पाठवून पृथ्वीचे पैलवान घरोघरी गाठून मारायला निघतो, म्हणजे जोड लागायच्या आतच आखाड्याबाहेर मारामारी. लढणारे पहिल्या सिनेमापेक्षा दसपट चांगले, पण कोणती लढत कशासाठी, हे दर वेळी पोराला विचारावं लागलं. वरून चार हातवाल्याला हाच कोल यंग एका कोठारात संपवतो. मामा काही बोलला नाही, पण पोह्याची रिकामी पिशवी घडी करायला लागला, आणि तो चिडला की घड्या करतो. केनो मात्र आता खऱ्या ऑस्ट्रेलियन जॉश लॉसनकडे आहे आणि त्याच्या शिव्या कूलरवरून सुद्धा पोचतात. तीन टोकनं, त्यातलं एक खुरप्याचं.

जॉनी केज या सिनेमात नाही, शेवटी फक्त त्याचं पोस्टर दिसतं. पुढच्या भागात तो कार्ल अर्बन करतोय, हे पोरानं मामाला गाडीवर बसेपर्यंत समजावून सांगितलं. मामानं किक मारली आणि विचारलं, "चार हातवाला मेला ना पण?"

"हो."

"मग टोकन जपून ठेव," म्हणाला, आणि उन्हात निघून गेला.