तुलूजहून संध्याकाळी निघायचंय: कार्कासोन की आल्बी?

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, एखादं मध्ययुगीन गाव बघायचं, तिथंच जेवायचं आणि रात्री बाराच्या आत घर गाठायचं. विमान उद्योगामुळे दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजला आलेल्या आपल्या मंडळींत हा बेत वरचेवर शिजतो आणि दरवेळी याच प्रश्नावर अडतो.

अंतरावरून काही ठरत नाही. कार्कासोन ए-61 महामार्गाने साधारण 95 किलोमीटर, आल्बी ए-68 ने 75-80. दोन्हीकडे तासाभराचा रस्ता. टोल कार्कासोनला जास्त पडतो, एवढंच. खरा वेळ खातो तो तुलूजचा रिंगरोड.

ठरवायचं ते सूर्यास्त बघून. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेपाचच्या आतच अंधार.

उन्हाळा असेल तर मी डोळे मिटून आल्बी म्हणेन. सगळं जुनं गाव विटांचं. तार्न नदीवरच्या जुन्या पुलावरून, म्हणजे पाँ व्ह्यूवरून, उतरत्या उन्हात बघा; विटा गुलाबीच्या केशरी होत जातात. मधोमध सेंट सेसिल कॅथेड्रल. बांधकाम 1282 मध्ये सुरू झालेलं, मनोरा 78 मीटर उंच, आणि बाहेरून चर्च कमी, गढी जास्त. त्यालाही कारण आहे. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्धची धर्मयुद्धं नुकतीच होऊन गेली होती, चर्चला आपला दरारा दाखवायचा होता. आतल्या भिंती-छतावरची चित्रं मात्र अंधारात बाहेर उभं राहून दिसणार नाहीत, आणि संध्याकाळी दार बंद होतं. चित्रकार तुलूज-लोत्रेकचा जन्म इथलाच. त्याच्या संग्रहालयाचंही तेच. या दोन गोष्टींसाठी जायचं असेल तर शनिवारी सकाळी निघा.

कार्कासोनचं उलट आहे. तिथे अंधारच कामाला येतो. दुहेरी तटबंदी, 52 बुरूज, आणि रात्री सगळ्यावर दिवे. आतला किल्ला संध्याकाळी बंद होतो. पण तटाच्या आतल्या गल्ल्यांत शिरायला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. दिवसभराच्या टूरबस गेल्या की दगडी फरसबंदीवर आपल्याच पावलांचा आवाज येतो. गाडी नार्बोन दरवाज्याबाहेरच्या पार्किंगमध्ये लावायची. निघताना ओद नदीवरच्या पुलावर जायचं. याचंही नाव पाँ व्ह्यूच! फोटोत दिसतं ते दृश्य इथून आहे.

सह्याद्रीतले ढासळलेले बुरूज बघून वाढलेल्या डोळ्यांना कार्कासोन जरा जास्तच धडधाकट वाटतं. शंका रास्त आहे. 1853 पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने त्याची मोठी डागडुजी केली. बुरुजांवरची स्लेटच्या दगडाची टोकदार छपरं उत्तर फ्रान्सच्या धाटणीची, या भागात शोभत नाहीत, अशी टीका त्याच्यावर होत आली आहे. मला तरी रात्री ती छपरं आवडतात. दिवसा नाही.

जेवणाचं जपून. फ्रान्समध्ये स्वयंपाकघरं संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात आणि लहान गावात नऊनंतर ऑर्डर घेतीलच असं नाही. कार्कासोनचा मानाचा पदार्थ कासुले: पांढऱ्या घेवड्यात बदकाचं मांस आणि सॉसेज, तासन् तास शिजवलेलं. मांसाहारी असाल तर एका वाडग्यात पोट गच्च, पण परतीला गाडी चालवणाऱ्याने अर्धाच खावा. शाकाहाऱ्यांनी डब्यात थालीपीठ न्यावं, उगाच भिडेखातर सॅलडवर रात्र काढू नये.

कोणी तिसरं नाव काढेल, कॉर्द-स्युर-सिएल. टेकडीवरचं, 1222 साली वसवलेलं देखणं गाव. पण आल्बीपासून आणखी 25 किलोमीटर, वर गोट्यांच्या रस्त्याची खडी चढण. खालच्या दरीत धुकं साचलेलं असताना ते सकाळीच बघावं.

थंडीत कार्कासोनला जाताना मात्र वाऱ्याची तयारी हवी. दोन तटांमधल्या मोकळ्या जागेत तो सुसाट सुटतो आणि छत्री उलटी होते. कानटोपी घ्या.